वडनेरची वांगी

आमच्या घराची मागची भिंत दरवर्षी पडायची. पोळ्याआधी पडली तर आई म्हणायची, यंदा घाई केली. पोळ्यानंतर पडली तर म्हणायची, यंदा टिकली बिचारी. मातीची भिंत, वर कवेलूंचं छप्पर आणि खाली आम्ही पाच जण: आईबाबा, मी आणि माझ्या दोन लहान बहिणी. बाबा कापसाच्या जिनात कामाला होते. भिंत पडली की ते जिनातून फाटकं बारदान आणून आडोसा करायचे आणि दिवाळीपर्यंत आम्ही त्या बारदानामागे राहायचो. पाऊस उघडला की आम्ही चौघी माती तुडवायला लागायचो. माझे पाय मजबूत आहेत ते काही खेळून झालेले नाहीत.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी भिंत भर दुपारी पडली, आणि आईच्या हातावर पडली. हाडवैद्याने हात बांधला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्यानंतर आईची भाकरी गोल झाली नाही.

बाबांनी तेव्हाच ठरवलं, आता विटांची भिंत. ओळखीपाळखीने विटा आणल्या. कंबरेइतकं काम झालं आणि नगरपालिकेची दोन माणसं सब्बल घेऊन दारात उभी.

"इथं पक्कं बांधता येत नाई. हे जागा शेतीची हाये."

बाबा म्हणाले, "शेती कुठं दिसून राह्यली तुमाले?"

"आमाले नाई दिसत. नकाशाले दिसते."

त्यांनी भिंत पाडली. माणसं वाईट नव्हती. पाडून झाल्यावर चांगल्या विटा त्यांनीच एका बाजूला रचून दिल्या आणि आईच्या हातचं पाणी पिऊन गेले.

भानगड अशी होती. गावाच्या टोकाला एका सावकारी घराण्याचं पडीक वावर होतं. ते त्यांनी तुकडे पाडून स्टँप पेपरवर विकलं. घेणारे आमच्यासारखे: जिनातले मजूर, हमाल, एसटीतले, दोन शिंपी. सगळ्यांनी घरं टाकली आणि त्याला ले-आऊट म्हणायला लागले. नगरपालिकेच्या नकाशात मात्र तो तुकडा हिरव्या रंगाचा होता. हिरवा म्हणजे शेती. पिवळा म्हणजे राहती घरं. पिवळ्यात विटा लावायला परवानगी मिळते, हिरव्यात नाही. वीस-पंचवीस घरं हिरव्या रंगावर राहत होती आणि दरवर्षी कोणाची ना कोणाची भिंत पडत होती.

पुढे मी बी.ए. झाले.

हे वाक्य मी एका ओळीत लिहिलं, पण तेव्हा ते असं एका ओळीत मावत नव्हतं. आमच्या ले-आऊटमध्ये बी.ए. झालेली मी पहिली. पोरगी तर पहिलीच, पण पोरांतही कोणी नव्हता. बाबांनी जिनातल्या पेंटरला आणून समोरच्या भिंतीवर लाल रंगात 'बी.ए.' लिहून घेतलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं बी.ए. नवा पोस्टमन बरेच दिवस ते आडनाव समजत होता. मला लाज वाटायला पाहिजे होती. मी उलट अंगण झाडताना ती अक्षरं ओल्या फडक्याने पुसायची, धूळ बसू नये म्हणून.

त्याच सुमारास नगरपालिकेचा नवा विकास आराखडा तयार झाला आणि लोकांना पाहण्यासाठी सभागृहात टांगला. ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत अर्ज द्यावा, अशी दवंडी फिरली. आमच्या शेजारचे काका बघून आले. काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. समुद्रपूर-गिरड गाडीवर हयात गेली, त्यामुळे चार माणसं उभी दिसली की त्यांना पुढे सरकवल्याशिवाय काकांना चैन पडत नसे.

"हिरवंच हाये," ते म्हणाले. "पुन्हा हिरवंच ठेवलं आपल्याले. पण आता इचारून राह्यले, हरकत हाय का म्हणून. बाई, तू लिव अर्ज. तुले कायच्यासाठी बी.ए. केलं?"

त्यांनी मला बी.ए. केलं नव्हतं, पण मी ते सोडून दिलं. अर्जासाठी मी तीन दिवस घेतले. माझ्याकडे असलेले सगळे मोठे शब्द मी त्यात घातले. 'प्रणिपातपूर्वक' होतं, 'किंकर्तव्यविमूढ' होतं, एका ठिकाणी 'अश्रुसिंचित वसुंधरा' पण होती. चार पानं झाली. ले-आऊटमध्ये वाचून दाखवला तेव्हा बायकांनी डोळ्याला पदर लावले. कोणाला काही कळलं नाही हे मला पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं.

नगरपालिकेतल्या बाबूने पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे अर्ज हाय का लग्नपत्रिका?"

"का? काय चुकलं?"

"चुकलं काईच नाई. लय सुंदर हाये. पण सर्वे नंबर कुठाय?"

चार पानांत सर्व्हे नंबर नव्हता. कोणत्या जागेचा रंग बदलून पाहिजे हेच मी लिहिलं नव्हतं. बाबूने स्वतःच्या पेनने वरच्या कोपऱ्यात नंबर टाकला आणि शिक्का मारला. माझ्या चार पानांतला कामाचा मजकूर तेवढाच.

तरी अर्ज दाखल झाला. थंडीच्या दिवसांत निरोप आला की नगररचनेचे साहेब जागा पाहायला येणार. काकांनी मारुतीच्या ओट्यावर बैठक घेतली.

"साहेब येऊन राह्यला. त्याले काय चहा-बिस्कुटावर वापस पाठवाचं?"

"अजिबात नाई," बाबा म्हणाले. "इज्जतीचा सवाल हाये."

रोडगे करायचे ठरले. आमच्याकडे पाहुण्याचा मान करायचा तर रोडगे आणि वांग्याची भाजी. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वर तिखटजाळ भाजी. वांग्यांसाठी वडनेरच्या मामांना निरोप गेला. मामांची शेती वडनेरला. त्यांच्या वावरातली काटेरी देठाची वांगी त्यांना पोटच्या पोरांसारखी. ते सकाळच्या एसटीने पोतं घेऊन स्वतः आले आणि भाजीच्या गंजाजवळून, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळून, हलले नाहीत. "तेल कमी नको करजो. वांगं नाराज होते," असं बायकांना सांगत होते.

साहेब आले. बारीक अंगाचे, आमच्या भागाबाहेरचे, बोलणं एकदम पुस्तकातलं. हातात टेप आणि एक जाड वही. मोजमाप करायला त्यांना वेळच मिळाला नाही, कारण काकांनी त्यांना "पुढे चला, पुढे चला" करत थेट पाटावर नेऊन बसवलं. एक रोडगा झाला, दुसरा झाला. साहेबांना घाम फुटला, नाक गळायला लागलं, पण माणूस खूश होता.

"वांगी अप्रतिम आहेत," ते म्हणाले. "कुठली हो?"

इथे मला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. पाहुण्यापुढे वाढलेली वस्तू विकत आणली किंवा मागून आणली असं आमच्यात सांगत नाहीत. विचारलं तर म्हणायचं, घरचंच आहे. दुकानातून पुडीत बांधून आणलेली हळदसुद्धा घरचीच. त्यातून आम्ही सगळे वावर गेलेले लोक. ज्याच्याकडे वावर नाही त्याला 'घरचंच' म्हणायला जरा जास्तच आवडतं.

"घरचीच आहेत, साहेब," मी म्हणाले.

गंजाजवळ उभ्या असलेल्या मामांनी मान वर केली.

"घरची म्हणजे इथलीच?"

"इथलीच." आणि मी हात करून मागची बाजू दाखवली. मागे बेशरमच्या झुडपांशिवाय काही नव्हतं, पण साहेबांची पाठ तिकडे होती.

एकदा मी खोट्याला दार उघडून दिल्यावर सगळे आत शिरले. साहेबांनी गव्हाचं विचारलं, बाबा म्हणाले, "घरचाच." कोथिंबीर काकांच्या घरची. तुपाचं विचारलं तर आई लाजून म्हणाली, "घरचंच हाये, घ्या न अजून." जेवणानंतर संत्री आली, ती मी स्वतः बाजारातून आणली होती. तीही घरचीच निघाली. साहेब दर वेळी "वा" म्हणायचे आणि डाव्या हाताने वही ओढून काहीतरी टिपायचे. मला वाटलं, आमच्या पाहुणचाराचं वर्णन लिहीत आहेत. मी मनात म्हटलं, माणूस रसिक आहे, माझा अर्ज याच्यापर्यंत पोचलेला दिसतो.

मामा दुसरा रोडगा न खाता दुपारच्या एसटीने निघून गेले. रिकामं पोतंही नेलं नाही.

महिनाभराने बाबूने मला बोलावलं. साहेबांचा अहवाल आला होता. बाबूने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. बाजूच्या दोन टेबलांवरचे लोक खुर्च्या ओढून ऐकायला आले. 'सदर जागा अत्यंत सुपीक असून रहिवाशांच्या सांगण्यानुसार तेथे वांगी, कोथिंबीर, गहू व संत्री यांचे उत्पादन घेण्यात येते. तसेच दुग्धव्यवसायही चालतो. सबब सदर जागा शेती विभागातच कायम ठेवणे योग्य होईल.'

बाबूने कागद खाली ठेवला. "बाई, तुमचं ले-आऊट तर अख्खा तालुका पोसते."

बातमी माझ्या आधीच घरी पोचली होती. काका ओट्यावर उभे राहून सांगत होते, "मी फक्त कोथिंबीर म्हटलं. बोट दाखवलं ते बी.ए. बाईनं." शिंप्याची बायको म्हणाली, "बोटच दाखवाचं होतं तर भिंतीकडं दाखवाचं होतं." मी भाषण करायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला एकही मोठा शब्द आठवत नाही.

बाबा संध्याकाळी जिनातून आले, हातपाय धुतले आणि एवढंच विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

"तुम्हीबी तर बोलले, बाबा. गहू घरचा म्हणून."

"मी पाव्हण्यापुढं बोललो. तू सरकारपुढं बोलली."

पाव्हणा आणि सरकार म्हणजे पाटावर बसलेला एकच माणूस होता, हे मी म्हणू शकले असते. पण आई तेव्हा वाकड्या हाताने चुलीवरचा तवा उतरवत होती आणि पावसाळा तीन महिन्यांवर होता. मी उठून तिच्या हातातून तवा घेतला.

एक संधी बाकी होती. हरकती घेणाऱ्यांना समितीपुढे समक्ष बोलावणार होते. अहवाल खोटा पाडायचा तर वांग्यांचा खरा धनी उभा करायला पाहिजे, असं काकांनी काढलं. मी वडनेरला गेले. मामा बाजेवर बसले होते. मला बघून त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

"मामा, साक्षीला चला."

"मले काऊन नेतं? तुह्या मागच्या वावरातले वांगे घेऊन जाय साक्षीले."

"चुकलं माझं."

"भर पंगतीत माहे वांगे हिसकले तू. मी तिथंच उभा होतो. इकडं लोकं वांग्यावरून मले ओळखते, अन् सख्खी भाची म्हणते घरचे व्हय."

मामींनी चहा दिला. मामांनी अर्धा कप संपवला. मग म्हणाले, "येतो. पण पयले तू सांगशीन, सगळ्याईच्या समोर, का वांगे कोनाचे व्हय. मंग मी बोलन."

"सांगेन."

"अन् तुमच्या जागेचा सातबारा काढला का? पीकपाण्यात काय लिवलं हाये?"

सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा. त्यात दरवर्षी तलाठी लिहितो की या जमिनीत यंदा काय पीक होतं. मामांचं शिक्षण चौथीपर्यंत. माझं बी.ए. 'अश्रुसिंचित वसुंधरा' मला सुचली होती, पण त्या वसुंधरेचा सातबारा काढावा हे नव्हतं सुचलं.

"नाही काढला," मी म्हणाले.

"काय शिकोते कालेजात?" मामांनी खऱ्याच कुतूहलाने विचारलं.

तलाठ्याकडे उतारा दुसऱ्याच दिवशी मिळाला. आमच्या सर्व्हे नंबरच्या पीकपाण्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शेरा होता: पड, घरे आहेत. म्हणजे सरकारच्याच एका वहीत आमची घरं होती आणि दुसऱ्या वहीत आमची वांगी होती.

सुनावणीला सगळं ले-आऊट सभागृहात बसलं. समोर समितीचे लोक, मध्ये अध्यक्ष, कडेला वही घेऊन नगररचनेचे साहेब. मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. खोड जात नाही. उभी राहिले आणि सुरू केलं, "आदरणीय, विवेकनिष्ठ आणि लोकहितदक्ष..."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, पाणी प्या. मंग सरळ सांगा काय झालं ते."

मी पाणी प्यायले. मागे बाबा बसले होते, त्यांच्याकडे बघितलं नाही. साहेबांकडे बघून म्हणाले, "साहेब, मी त्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं. वांगी वडनेरची होती. माझ्या मामांची."

सभागृहात हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. "मी दोन वेळा विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो. दोन्ही वेळा खोटं सांगितलं."

"आणि गहू?"

"रेशनचा."

"संत्री?"

"बाजारातली. मीच आणली."

"तूप तरी?"

मी आईकडे बघितलं. आई जागेवरूनच म्हणाली, "डब्यातलं व्हय. दुकानातलं." आणि तिने पदर इतका पुढे ओढला की चेहरा दिसेना.

"पण का?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

"आमच्यापाशी वावर नाही, साहेब. एक वीतसुद्धा नाही. ते सांगायची लाज वाटली. आमच्यापाशी घरं आहेत फक्त, आणि ती पडतात." मग मी आईचा हात सांगितला, विटांची भिंत सांगितली, बारदान सांगितलं. दोन मिनिटंही लागली नसतील. सगळ्या आयुष्यात मी केलेलं हे सगळ्यात छोटं भाषण, आणि त्यात अलंकार एकही नव्हता.

मग मामा उठले. त्यांनी आपला सातबारा टेबलावर ठेवला, त्यावर पिकाच्या रकान्यात वांगी लिहिलेली होती. त्याच्या बाजूला आमचा ठेवला. आणि पिशवीतून चार वांगी काढून साहेबांसमोर ओळीने मांडली.

"हे पाहा देठ. हे पाहा काटा. असं वांगं ह्या लोकाईच्या मागच्या बेशरमात होईन का, तुमीच सांगा."

अध्यक्षांनी एक वांगं उचलून बघितलं, बाजूच्याला दिलं. ते वांगं समितीत हातोहात फिरलं. साहेबांनी दोन्ही उतारे नीट वाचले, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "मी जागा पुन्हा पाहीन. या वेळी जेवणार नाही."

ते पावसाळ्यात आले तेव्हा बाबांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. साहेबांना फक्त पाणी दिलं, तेही सांगून, की हे सरकारी नळावरून रांग लावून आणलंय. साहेबांनी टेप काढून एकेक घर मोजलं. आमच्या घरामागे गेले, तिथे भिंत नुकतीच पडली होती आणि बारदान होतं. ते बाजूला सारून आत डोकावले आणि भिंतीचं मापही घेतलं. जी नव्हती तिचंही. जाताना समोरच्या लाल अक्षरांशी थांबून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणाले.

समितीने आमची हरकत मान्य केली. त्यानंतर आराखडा वरच्या मंजुरीला गेला आणि तिकडे वर्षं गेली. त्या वर्षांत आमची भिंत आणखी चारदा पडली, एका वर्षी भिंत वेळेत उभी राहिली नाही म्हणून माझ्या एका बहिणीचं लग्न बारदानाच्या आडोशाला झालं, आणि मी शाळेत शिकवायला लागले. पोरांना अर्जलेखन शिकवताना पहिलं सांगायची, सर्व्हे नंबर लिहा. पोरं विचारत, बाई, सुट्टीच्या अर्जात कशाला?

मंजुरी आली तेव्हा बाबूने निरोप धाडला. आमचा सर्व्हे नंबर हिरव्यातून काढून पिवळ्यात घेतला होता. ले-आऊटमधल्या सगळ्या घरांना बांधकामाची परवानगी मिळाली. बाबांनी रिटायर व्हायच्या आधी मागची भिंत विटांची बांधली, आणि पुढच्या पोळ्याला ती उभी होती.